सोलापुरात सॉफ्टवेअरचा धंदा काढतोय : भाषा कोणती घ्यावी, ओपन सोर्समधलं काय काय घ्यावं?

पूर्वभाग

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतोय, लिहायला आज पहिल्यांदा बसलोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मित्र, तिघंही सोलापूरचे. मी पुण्यात ५ वर्षं पायथनमध्ये काम करून गेल्या दिवाळीला कायमचा घरी आलो. दुसरा नवी पेठेत बसून दुकानदारांच्या वेबसाइट करतो, त्याचा हात पीएचपीवर बसलेला. तिसरा कॉलेजात जावा शिकला, सध्या नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) काम करतो. वडिलांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे, १६ माग. अशाच कारखान्यांसाठी आम्हाला सॉफ्टवेअर करायचंय.

काम काय ते सांगतो. पाळी सुटली की मुकादम वही घेऊन मागामागाने फिरतो. कोणत्या मागावर कोण होतं, किती नग निघाले, त्यातले डॅमेज किती. कामगारांची नावं तेलुगूत, आकडे इंग्रजीत, शेरा मराठीत. शनिवारी दिवाणजी त्याच वहीवरून नगाच्या दराने मजुरी काढतात. मागच्या महिन्यात एका ओळीत १ चा ७ वाचला गेला. कामगार प्रामाणिक, त्याने स्वतःच येऊन सांगितलं की पैसे जास्त आले. पण त्याआधीच्या आठवड्यात उलटी चूक झालेली, ७ चा १, आणि त्या वेळी त्याच माणसाला दोन तास उभं राहून गठ्ठे मोजून द्यावे लागले. त्या दोन तासांत त्याचा चेहरा मी पाहिला. त्या दिवशीच हे काम करायचं ठरलं.

पण दोन महिने झाले, भाषेवरच गाडी अडलीय. रोज संध्याकाळी पार्क चौकात चहा होतो आणि रोज तोच वाद. मी म्हणतो जँगो (पायथनमधली वेबचं काम करायची तयार चौकट) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. नवी पेठवाला म्हणतो लारावेल (तशीच पीएचपीतली चौकट) आणि मायएसक्यूएल डेटाबेस, सोलापुरात पीएचपीची पोरं मिळतात. तिसरा म्हणतो नोड आणि मोंगोडीबी डेटाबेस, म्हणजे ब्राउझरमध्ये आणि सर्व्हरवर एकच भाषा.

यातलं बरंचसं ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना उघडा आणि बहुतेक फुकट मिळणारं. त्यावरून वडिलांचा एक प्रश्न आहे, त्याचं नीट उत्तर मला देता आलं नाही. ते म्हणाले, "फुकट घेतलेल्या मालावर धंदा उभा करतोस, उद्या त्याचा मालक दारात आला तर?"

जाणकारांनी मनमोकळं सांगावं.

कडकभाकरी

अभिनंदन भावा! सोलापुरात राहून काही करायचं म्हणणारा माणूस भेटला की लई बरं वाटतं.

माझं मत नोडच. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट लागणारच आहे, मग मागेही तीच ठेवली की तिघांना एकमेकांचं काम वाचता येतं. रिअॅक्ट (जावास्क्रिप्टमधली स्क्रीन बनवायची लायब्ररी) शिकलेली पोरं ढिगाने मिळतात. डेटाबेसबद्दल माझा आग्रह नाही.

भुईकोट

पूर्वभाग, या धंद्यात मला पंचवीसच्या वर वर्षं झाली, त्यातली शेवटची नऊ सोलापुरात. सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. फेसबुक २००४ साली पीएचपीवर उभं राहिलं. गिटहब रुबी ऑन रेल्सवर. इन्स्टाग्राम पायथन-जँगो आणि पोस्टग्रेसवर. व्हॉट्सअॅपचा सर्व्हर एर्लांगमध्ये, आणि एर्लांग शिकलेला माणूस तर आपल्याकडे दिवा घेऊन शोधावा लागेल. चार धंदे, चार भाषा, चौघेही मोठे झाले. भाषेमुळे कोणी बुडालं नाही आणि भाषेमुळे कोणी तरलंही नाही. तेव्हा या वादात आणखी दोन महिने घालवू नका.

मग निवडायचं कसं? तुमच्या वडिलांना विचारा, ते माग घेताना काय बघतात. मागाचा वेग बघतात, भाव बघतात, पण शेवटी विचारतात की याचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, गावात आहे का आणि स्पेअर पार्ट कुठे मिळतो. रात्रपाळीत माग बंद पडला तर इचलकरंजीहून माणूस बोलावून चालत नाही. सॉफ्टवेअरचंही तेच. शनिवारी दुपारी मजुरी वाटायच्या आधी तासभर स्क्रीन उघडत नसेल, तर ती दुरुस्त करणारा हात सोलापुरात असला पाहिजे. आज तो हात तुम्हा तिघांपैकी कोणाचा? उद्या चौथा माणूस घ्याल तेव्हा तो किती दिवसांत हाताशी येईल? ही दोन उत्तरं मिळाली की भाषा ठरली.

डेटाबेस मात्र फार विचार करून घ्या. त्याची जागा भाषेच्या वरची आहे.

माझा अनुभव सांगतो. २००० च्या आसपास मी जिल्ह्यातल्या एका संस्थेला वजनकाट्याचा आणि बिलांचा प्रोग्राम करून दिला होता. भाषा एका परदेशी कंपनीची, डेटा साठवायची पद्धत तिची स्वतःची, बंद. चांगला चालला. पुढे कंपनीने ती भाषा सोडली, नवीन विंडोजवर प्रोग्राम उघडेना. प्रोग्राम पुन्हा लिहायला ३ महिने लागले, त्याचं दुःख नाही. पण आतला ९ वर्षांचा डेटा बाहेर काढायला ५ महिने लागले. शेतकऱ्यांची नावं एका जुन्या मराठी फाँटच्या स्वतःच्या सांकेतिक अक्षरांत भरलेली, युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकच अक्षरसंकेत, नव्हतंच. रात्र रात्र बसून एकेक अक्षर जुळवलं. तेव्हापासून माझा नियम पक्का झाला: प्रोग्राम पाच-सात वर्षांनी बदलतो, डेटा मुलानातवंडांपर्यंत राहतो.

म्हणून पोस्टग्रेस. १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात ते काम सुरू झालं, १९९६ पासून आजचं नाव आहे. कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. दरवर्षी नवी मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. मजुरीच्या हिशोबाला याहून भरवशाचं मला माहीत नाही.

मोंगोडीबी वाईट नाही, पण तुमच्या कामाला बसत नाही. कामगार, माग, पाळी, नग, दर, उचल, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. असा माल सारण्यांतच ठेवावा.

पूर्वभाग

भुईकोट सर, तुमचं वाचून एक आठवलं.

आजोबांच्या वेळी आमच्याकडे चादरी निघायच्या. जकार्डचे पत्ते अजून माळ्यावर आहेत, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, भोकं पाडलेल्या, एकीला एक दोऱ्याने शिवून माळ केलेली. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खाली राहतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जाकारने १८०४ च्या सुमाराला हे यंत्र बसवलं आणि पुढे भोकांच्या कार्डावर आकडेमोड करायची कल्पना त्यातूनच निघाली, हे मी कॉलेजात शिकलो तेव्हा अंगावर काटा आला होता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या घराघरात आयाबाया ज्या पत्त्यांवरून वाट काढत चालायच्या, तो प्रोग्रामच होता.

पण सांगायचं ते वेगळंच. पत्ते झिजले, काही उंदरांनी खाल्ले. मोराची नक्षी मात्र शिल्लक आहे, कारण आजोबांनी ती चौकटीच्या कागदावर रंगवून ठेवली होती. एक चौकट म्हणजे एक धागा. वडिलांनी तो कागद दोन वर्षांपूर्वी एका इलेक्ट्रॉनिक जकार्डवाल्याला दाखवला आणि त्याने चौकटी बघून संगणकावर नक्षी उतरवून घेतली. माग तिसरा, पत्ते गेले, कागद कोणालाही वाचता येणारा होता म्हणून मोर राहिला.

रात्री वडिलांना डेटाबेसचं हेच उदाहरण दिलं. लगेच पटलं.

हिप्परगा

पूर्वभाग दादा, मोराचं वाचून डोळे भरून आले. माझं माहेर भवानी पेठेतलं, आमच्याकडेही माग होते.

मी डेटाबेसच्याच कामात आहे, तुमच्या वडिलांच्या प्रश्नाबद्दल लिहिते. त्यांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. ओपन सोर्स म्हणजे मालक नसलेला माल नव्हे. प्रत्येकाचा परवाना असतो आणि तो परवाना म्हणजे करारच.

ढोबळ तीन जाती. एमआयटी, बीएसडी, अपाची या सैल परवान्यांत नाव आणि परवान्याचा मजकूर राखा, बाकी विका, बदला, बंद ठेवा. पोस्टग्रेस आणि जँगो या जातीतले. दुसरी जात जीपीएल. त्यात बदल करून तुम्ही प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती दिलात, म्हणजे कारखानदाराच्या संगणकावर बसवलात, तर त्याला तुमचा मूळ कोडही त्याच परवान्यावर द्यावा लागतो. तुमच्याच सर्व्हरवर चालवून नुसती सेवा दिलीत तर ही अट लागू होत नाही. तिसरी एजीपीएल, तिथे बदल करून नुसती नेटवर्कवरून सेवा दिली तरी वापरणाऱ्याला कोड मिळालाच पाहिजे. यात अन्याय काही नाही. दुसऱ्याने मोकळेपणाने दिलं तसं पुढे द्या, एवढीच मागणी आहे. फक्त आधी माहीत हवं.

आता "मालक दारात आला तर". असं घडलंय, आणि गेल्या काही वर्षांतच. सर्व्हरच्या कामात लागणाऱ्या चार नावाजलेल्या वस्तूंचं सांगते. मोंगोडीबीने २०१८ मध्ये एजीपीएल सोडून स्वतःचा कडक परवाना आणला. इलास्टिकसर्चने २०२१ मध्ये तोच रस्ता धरला. टेराफॉर्मचा परवाना २०२३ मध्ये बदलला, रेडिसचा मार्च २०२४ मध्ये. पुढे इलास्टिकसर्चने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला, पण मधल्या काळात लोकांची धावपळ झालीच.

बघा, या चारही ठिकाणी कॉपीराइट किंवा नाव एकाच कंपनीच्या हातात होतं. म्हणून मी कुठलीही वस्तू घेताना परवाना वाचते आणि त्याच्या जोडीला बघते की हिची चावी कोणाकडे आहे. जिथे शेकडो लोकांचं काम आहे आणि चावी संस्थेकडे किंवा समाजाकडे आहे, तिथे असा एका रात्रीत बदल होणं कठीण.

दुसरी बाजूही वडिलांना सांगा. आधी दिलेली आवृत्ती कोणाला परत घेता येत नाही. रेडिसने परवाना बदलला त्याच महिन्यात लोकांनी जुना मोकळा कोड घेऊन लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की सुरू केलं. मायएसक्यूएल ओरॅकलकडे जाणार हे दिसताच मूळ लेखकानेच २००९ मध्ये मारियाडीबी वेगळं काढलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये मालक रुसला की दार बंद. इथे दार बंद झालं तरी तुमच्या हातात विटा राहतात.

कंबरतलाव

एक वेगळा रस्ता सुचवू का? सगळं स्वतः लिहायलाच पाहिजे असं नाही.

ईआरपीनेक्स्ट बघितलंत का? मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, पूर्ण ओपन सोर्स. खरेदी, साठा, विक्री, हिशोब सगळं तयार, आणि भारतासाठी जीएसटीचं वेगळं अॅपही आहे. पायथनमध्ये लिहिलेलं, म्हणजे तुमचा हात त्यावर चालेल. ईआरपीनेक्स्ट जीपीएलमध्ये आहे आणि त्याच्या खालचा फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटीमध्ये. मी चिंचोळीच्या एमआयडीसीत एका गारमेंटवाल्याकडे बसवून दिलंय, युनिफॉर्म शिवणारे. सूत, रंग, तयार माल यांचा साठा लिहीत बसण्यापेक्षा तुम्ही फक्त नगावरची मजुरी वेगळं अॅप म्हणून त्यावर चढवा.

पूर्वभाग

कंबरतलाव, बसवून पाहिलं. वस्तू दणकट आहे यात शंका नाही. पण आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांकडे १२ ते २४ माग, ऑफिसात एक दिवाणजी आणि एक जुना संगणक. एवढी सगळी दालनं बघून आमच्या दिवाणजींनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "मला फक्त पाळीची नोंद आणि शनिवारची यादी द्या." जीएसटीचं काम सीएकडे टॅलीत होतं, ते कोणी सोडणार नाही.

कंबरतलाव

मग टॅलीला हात लावू नका, त्याला खाऊ घाला. टॅलीप्राइम चालू असलेल्या संगणकावर साधारण ९००० नंबरच्या पोर्टवर एक्सएमएल (ठरावीक खुणांत लिहिलेली माहिती) पाठवून व्हाउचर भरता येतात, तेवढी सेटिंग चालू करायची. तुमची शनिवारची यादी तिथे एका बटणाने गेली तर दिवाणजी तुम्हाला चहा पाजतील. दिवाणजींचं म्हणणं बरोबर आहे, तिथूनच सुरुवात करा.

कडकभाकरी

मी आधी नोड म्हणालो होतो. विचार केला आणि एक गोष्ट माझ्याच मताच्या विरुद्ध जाते, ती सांगितली पाहिजे.

जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. साध्या आकड्यांसाठी तिथे एकच जात, तरंगत्या अपूर्णांकाची. पैशासाठी पक्का दशांश भाषेत अंगचा नाही, बाहेरून पॅकेज आणावं लागतं किंवा सगळं पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवावं लागतं. नगाला ३ रुपये ३५ पैसे असा दर आणि आठवड्याला हजारो नग, तिथे हे विसरून चालणार नाही.

भुईकोट

कडकभाकरी, मनापासून आभार. एवढा महत्त्वाचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता.

पायथनमध्येही फ्लोट, म्हणजे हाच तरंगता अपूर्णांक, वापरलात तर हेच होईल, भाषा बदलून सुटका नाही. तिथे डेसिमल वापरायचं आणि पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक. आणखी एक खड्डा, यात मी स्वतः पडलोय. पायथनला २.५ पूर्णांकात आणायला सांगा, २ देतो. पोस्टग्रेसच्या न्यूमेरिकला सांगा, ३ देतो. दोघंही चुकलेले नाहीत, अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे न्यायचं की वर चढवायचं याचे नियम वेगळे. स्क्रीनवर एक रक्कम आणि छापील यादीत एक रुपया कमी असं झालं की कामगार म्हणेल मशीन पैसे खातं. मग तुम्ही कितीही समजावा. रुपयात आणताना नियम कोणता, हे कारखानदाराशी बोलून ठरवा, एकाच ठिकाणी लिहा आणि सगळीकडे तिथूनच घ्या.

शेंगाचटणी

मी छपाईच्या धंद्यात आहे, प्रोग्रामिंग येत नाही, पण एक सांगतो. कामगाराच्या हातात जी चिठ्ठी जाईल ती त्याला वाचता आली पाहिजे, तेलुगूत आणि मराठीत. संगणकवाल्यांकडून आलेल्या पीडीएफमध्ये माझ्याकडे रोज तुटलेली जोडाक्षरं येतात. "पद्मशाली" लिहिलेलं असतं तिथे द चा पाय मोडलेला आणि म वेगळा. "शिफ्ट"ची वेलांटी श च्या मागे जाऊन बसलेली. "खर्च"चा रफार हवेत. माणसाचं नाव असं तुटकं छापून त्याच्या हातात देऊ नये, असं मला वाटतं.

हिप्परगा

शेंगाचटणी काका, फार मोलाचं बोललात. याचं कारण असं: आपल्या लिप्यांत अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही, ती जुळवावी लागतात, आणि पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्ररी ती जुळवणी करतच नाहीत. जुळवणी करणारं ओपन सोर्स इंजिन म्हणजे हार्फबझ. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस सगळे तेच वापरतात. पायथनमध्ये वीझीप्रिंट ही पीडीएफ बनवणारी लायब्ररी घ्या, ते पँगो नावाच्या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत हार्फबझपर्यंत जातं. तेलुगू आणि देवनागरी दोन्ही नीट येतात. फाँट म्हणून मराठीला मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आणि तेलुगूला त्यांचाच बलू तम्मुडू किंवा नोटो, सगळे मोकळ्या परवान्याचे.

नावांच्या क्रमवारीचंही बघून घ्या. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचे क्रम मिळतात, मराठी आणि तेलुगू यादी आपापल्या वर्णक्रमाने लागते. मायएसक्यूएल घेतलंत तर अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ च ठेवा. देवनागरी जुन्या ३ बाइटच्या यूटीएफ-८ मध्ये बसते, म्हणून चाचणीत काही कळत नाही. पहिला इमोजी आला की नोंद नाकारली जाते.

आणि कामगारांचे आधार नंबर साठवू नका, लागत नाहीत. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झालाय. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या माणसांनी विश्वासाने दिलेली गोष्ट आपण कशाला सांभाळत बसायची?

कडकभाकरी

मुकादमाच्या फोनचं काय ठरलं? शेडमध्ये नेटवर्क येत नाही, लाइट जाते, वायफायचा डबा बंद पडतो. नोंद फोनवरच झाली पाहिजे. फोनमध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस ठेवा, ते तर सार्वजनिक मालकीचं, परवान्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक नोंदीला फोनवरच स्वतःचा न बदलणारा नंबर द्या, आणि नोंद खोडू देऊ नका. चूक झाली तर दुरुस्तीची नवी नोंद करायची, वहीत काट मारून बाजूला सही करतात तशी. नेट आलं की नोंदी वर जातील, एकच नोंद दोनदा गेली तरी नंबर तोच, म्हणून दोनदा मोजली जाणार नाही.

बटणं मोठी ठेवा. रुई उडत असते, बोटांना चिकटलेली असते, आणि आवाजात बोलून सांगायची सोय नाही.

भुईकोट

एक इशारा देऊन थांबतो. पॅकेजेस कमी घ्या. २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाची ११ ओळींची लायब्ररी लेखकाने काढून घेतली आणि जगभरातले प्रकल्प बांधता येईनात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातल्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीमधलं भगदाड निघालं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळून ठेवणाऱ्या साधनात कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून चोरदार बसवलेलं सापडलं. आणि ते सापडलं कोणाला? पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एका प्रोग्रामरला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून त्याने माग काढला. कोड उघडा होता म्हणून त्याला आत शिरून बघता आलं. तुम्ही जे जे आणाल ते कोण सांभाळतंय हे एकदा तरी बघा.

पूर्वभाग

मंडळी, तीन आठवडे गप्प होतो, कारण काम करत होतो.

भुईकोट सरांचा जॉबरचा मुद्दा डोक्यातून जाईना. म्हणून तिघांनी एक ठरवलं. पाळीची नोंद आणि शनिवारची यादी, एवढंच काम प्रत्येकाने आपापल्या भाषेत एका आठवड्यात करायचं. मग तिन्हींमध्ये एकच चूक मुद्दाम घालायची, डॅमेज नग मजुरीतून दोनदा वजा होतील अशी, आणि शेवटच्या वर्षाच्या एका मुलाला बसवून विचारायचं, शोध आणि दुरुस्त कर. त्याला तिन्ही भाषा थोड्याथोड्या येतात, एकही पक्की येत नाही. म्हणजे आमचा उद्याचा चौथा माणूस.

लारावेलमध्ये त्याने दुपारच्या जेवणाआधी शोधली. जँगोमध्ये त्याहून थोड्या कमी वेळात. नोडमध्ये संध्याकाळ झाली. नोडवाल्या मित्राचं काम वाईट नव्हतं, पण त्याने बारीकसारीक पॅकेज जोडून रचना स्वतः केली होती, आणि ती रचना त्याच्या डोक्यात होती. बाकी दोन्हीकडे कोणती गोष्ट कुठे असते हे चौकटीनेच ठरवलेलं, मुलाला कागदपत्रांत सापडत गेलं.

लारावेल आणि जँगो जवळजवळ बरोबरीत, हे मान्य करतो. शेवटी जँगोकडे झुकलो ते दोन कारणांनी. दर बदलणं, नवा कामगार टाकणं या स्क्रीन जँगोच्या अॅडमिनमध्ये जवळपास आयत्या मिळाल्या, दिवाणजी तिसऱ्या दिवशी स्वतः दर बदलत होते. आणि वीझीप्रिंटमुळे तेलुगू चिठ्ठी पहिल्या दिवशीच नीट छापली गेली. डेटाबेस पोस्टग्रेस, त्यावर तिघांचं एकमत आधीच झालं होतं. जँगोची एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती घेतलीय, तिला साधारण ३ वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. फोनचं अॅप नोडवाला मित्र फ्लटर या मोबाइल अॅपच्या चौकटीत करतोय, त्यात एसक्यूलाइट, कडकभाकरींनी सांगितलं तसंच.

वडिलांसाठी एक कागद केला, मराठीत. वापरलेली प्रत्येक वस्तू, तिचा परवाना, चावी कोणाकडे. १४ ओळी झाल्या. त्यांनी वाचून देवघराच्या कपाटात मागांच्या बिलांबरोबर ठेवला.

नवीपेठ

मी यातला पीएचपीवाला. खातं आजच उघडलं.

वाईट वाटलं का, असं दोघांनी फोनवर विचारलं म्हणून इथेच लिहितो. पहिल्या दिवशी वाटलं. माझं घर ८ वर्षं पीएचपीवर चाललंय आणि त्या भाषेबद्दल कोणी तुच्छतेने बोललं की मला लागतं. पण हे दोघं तसं बोलले नाहीत. मी जँगोतला मजुरीचा भाग बसून वाचला, आणि दुसऱ्याने लिहिलेलं मला पहिल्या वाचनात कळलं. मग हट्ट कशासाठी करायचा? आता रोज सकाळी दोन तास शिकतोय. टॅलीला एक्सएमएल पाठवायचा भाग मी घेतलाय, काल पहिलं व्हाउचर आत गेलं.

हिप्परगा

नवीपेठ दादा, फार छान वाटलं वाचून. पूर्वभाग, बॅकअपचं काय केलंत? कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते.

पूर्वभाग

ताई, रोज रात्री पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसची पूर्ण प्रत, होतो, एक प्रत सर्व्हरबाहेर, दुसरी आमच्याच ऑफिसात. गेल्या रविवारी रिकाम्या मशीनवर प्रत चढवून शनिवारची यादी पुन्हा काढली, रुपया-पैसा जुळला. महिन्यातून एकदा हे करायचं असं भिंतीवर लिहून ठेवलंय.

काल पहिली खरी मजुरी वाटली. २३ कामगार. ज्याला गठ्ठे मोजून द्यावे लागले होते, त्याने चिठ्ठी घेतली, तेलुगूतलं आपलं नाव वाचलं, मग पाळीवार नग बोटाने मोजले, सोमवारपासून शनिवारपर्यंत. घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं की मागच्या आठवड्याची पण मिळेल का. ती सोय अजून नाही, आज रात्री करतोय.

शेंगाचटणी काका, चिठ्ठीचा नमुना तुम्हाला दाखवायचाय. रविवारी प्रेसवर असाल का?

शेंगाचटणी

असतो की. अकरानंतर या. कागद कोणता वापरलाय तो पण घेऊन या, थर्मलचा असेल तर उन्हाळ्यात खिशात काळा पडतो, दुसरा देतो.